बाई, तुमची दाढ सापडली

११ डिसेंबर, गुरुवार. तुमच्या तेरवीला चार दिवस आहेत. बाहेरगावचे पाहुणे येतील, त्यांना टेकायला जागा हवी, म्हणून तुमची खोली रिकामी करायला घेतली. वैशालीला म्हटलं, तुझ्या आईची खोली आहे, तू कर. ती दारापर्यंत आली आणि परत फिरली. "काकू, माह्यानं नाई होत. तूच कर." मग मीच केली. असली कामं मला होतात.

गाद्या अंगणात उन्हात टाकल्या. साड्यांचे दोन ढीग केले, एक वाटायचा आणि एक पोछ्याचा. पोछ्याचा मोठा झाला. चांगलं ते तुम्ही नेसतच नव्हतात, ठेवून देत होतात, आणि ठेवलेलं उंदरांनी कातरलं. मग डाळीची कोठी उपसली. तळाशी हाताला लागली ती खर्र्याची प्लास्टिकची पन्नी. शिवणाच्या डब्यात एक. उशीच्या अभ्र्यात एक. देवीच्या फोटोमागे दोन. आतली सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला तसाच वाळून खडा झालेला. नवरा, सासू, लेक, एवढ्या सगळ्यांपासून एका बाईने पंचवीस-सव्वीस वर्षं ही वस्तू लपवायची, म्हणजे केवढी शिस्त लागली असेल. त्यातली अर्धी शिस्त दात घासण्यात घातली असती तर मी आज कामावर असते.

हळदीच्या जुन्या डबीत मात्र खर्रा नव्हता. कापसाच्या बोळ्यात गुंडाळलेली तुमची दाढ होती. कॅपसकट.

ती आता माझ्यासमोर वाटीत आहे. साबणाच्या पाण्यात टाकून जुन्या ब्रशने घासली. कॅपची कड दाढेला जिथे भिडते तिथे नख फिरवून पाहिलं. नख कुठे अडकत नाही. दोन्ही मुळं शाबूत आहेत. काम उत्तम झालं होतं, बाई. ही दाढ आणखी वीस वर्षं टिकली असती. तिला राहायला तोंड उरलं नाही, एवढंच.

आठ दिवस दारात बसायला येणारी प्रत्येक बाई दोन गोष्टी बोलते. मंगलानं जावेचं लई केलं, ही पहिली. अन् अशी कशी गेली वं, ही दुसरी. पहिलीला मी मान हलवते. दुसरीला एका शब्दात उत्तर देते, खर्रा. तुम्ही जन्मभर लपवलेली गोष्ट मी आठ दिवसांत नाचणगावच्या घराघरांत पोचवली. भाऊजी, वैशालीचे बाबा, बाजूला बसून खाली मान घालून ऐकतात. खर्रा म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, आणि ते माझ्या सोयीचं आहे.

खर्र्याने गेलात हे खरं आहे, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत होतं. वैशालीला माहीत नाही. तेरवीच्या आधी तिला ते सांगायचं की नाही, हे मला ठरवायचं आहे. ठरत नाही म्हणून तुमच्याशी बोलत बसले आहे. तुम्ही उत्तर देणार नाही, त्यामुळे या खेपेला वाद लवकर संपेल.

सव्वीस वर्षं आपण एका स्वयंपाकघरात काढली. तुम्ही थोरली सून, मी धाकटी. मीठ किती, भाकरी आधी कोणाच्या ताटात, पाहुण्याला चहा की नुसतं पाणी, सगळं तुम्ही ठरवायचं. मी देवळीला दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं. भाऊजी म्हणाले, "आता लोकायच्या तोंडात हात घालाचे का?" तुम्ही चुलीपुढून मानही वर केली नाहीत. "जाऊ द्या तिले. घरी राहून माह्यं डोक्सं खाते. तिथं जाऊन लोकायचे दात खाईन."

त्या एका वाक्यावर माझी नोकरी पक्की झाली. दुसऱ्या दिवसापासून चौदा वर्षं, साडेआठच्या बसआधी माझा डबा उंबऱ्याजवळ तयार असायचा. दोन भाकरी, भाजी, वर एक मिरची. तुमच्या अंगात ताप असला तरी. मी कधी चांगलं बोलले नाही, तुम्ही कधी "घे" म्हणाला नाहीत. एखाद्या दिवशी भांडण झालेलं असलं तर मिरच्या दोन असायच्या.

मी दवाखान्यात करते तरी काय, हे सासूबाईंना तुम्हीच समजावून सांगितलं होतं. "काई नाई, मामीजी. डाक्टर दात पाह्यते अन् हे गाल धरते. गाल धराचा पगार भेटते तिले." तेव्हापासून मी गालधरी. बस चुकून परत आले की ओट्यावरून आवाज यायचा, "आली वं गालधरी." मला राग यायचा, कारण सांगितलेलं खोटं नव्हतं. डॉक्टर मशीन चालवतात. मी समोरच्या बाजूला उभी राहून एका हाताने लाळ ओढणारी नळी धरते आणि दुसऱ्या हाताने, दांडीच्या लहान गोल आरशाच्या पाठीने, गाल बाजूला ओढून ठेवते. गाल मशीनखाली येऊ नये आणि डॉक्टरांना दात दिसावा, हे माझं काम. अर्धा-पाऊण तास हात हलू द्यायचा नाही. माझा हात हलत नाही. आमचे डॉक्टर नव्या मुलींना माझा हात दाखवतात.

तुमचा खर्रा मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होता. कापूस वेचताना दुपारी शेताच्या धुऱ्यावर बसून तुम्हीच माझ्या तळहातावर चिमूट ठेवली होतीत. भूक मरते म्हणाला होतात. बारा वर्षं अधूनमधून मीही खाल्ला. दवाखान्यात लागले, तिथे पहिल्याच महिन्यात दोन तोंडं आतून पाहिली आणि सोडला. तुमचा सोडवला नाही. तुम्हाला एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते आज लिहायला हरकत नाही. निदान एका गोष्टीत मी तुमच्यापेक्षा शहाणी ठरले होते, आणि ते मला आवडत होतं.

चार वर्षांपूर्वी पोळ्याला सगळे घरी होते. दवाखान्यात शिकलेली गंमत म्हणून मी सगळ्यांना अंगणात बसवलं. आपली तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला, जबडा तेवढा उघडलाच पाहिजे. वैशालीची गेली, भाऊजींची गेली, माझ्या नवऱ्याने चार घालून दाखवली. तुमची दोन गेली आणि तिसरं अडलं. तुम्ही हात पदराला पुसलात. "माहे बोटं जाड हायेत. काम करते मी. तुह्यासारखे काडीचे नाईत." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले. खर्र्याने गाल आतून चामड्यासारखा ताठ होत जातो आणि जबडा वर्षावर्षाला थोडा थोडा मिटत येतो, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. सगळ्यांपुढे बोलले असते तर तुमचं गुपित फुटलं असतं. एकांतात बोलले असते तर तुम्ही भांडला असतात. मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली.

यंदा फेब्रुवारीत सुपारी चावताना तुमची खालची उजवी दाढ फुटली. गालाकडची भिंत गेली. आणि मग आपण तीन आठवडे भांडलो.

"काढून टाक," तुम्ही म्हणालात. "एका दाढेनं कोन मरते?"

मी म्हटलं, काढली की शेजारच्या दोन्ही त्या जागेत कलतात, वरची खाली उतरते, मग त्या बाजूने चावता येत नाही.

"मंग सिमेंट भरून दे अन् मोकळी कर."

मी म्हटलं, लहान खड्डा असता, चारही भिंती उभ्या असत्या, तर सिमेंट पुरलं असतं. इथे एक भिंत पडली आहे आणि दुसरीला तडा आहे. पडलेल्या भिंतीला गिलावा करून भागत नाही. कितीही भरा, पहिल्या कडक भाकरीला उरलेल्या भिंती फाकतील. आधी नस काढायची, आतली पोकळी भरायची, आणि वरून कॅप घालायची. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून बसवतात, तशी कॅप दाढेला चहूकडून धरून ठेवते.

"म्हणजे माह्या तोंडात गाडीचं चाक बसवून राह्यली."

मग कॅप कसली, यावर चार दिवस. तुम्हाला स्टीलची हवी होती. "मांगं कोनाले दिसते? डब्यासारखी चकाचक बसव." वैशालीचं म्हणणं पांढरी. धातूवर पांढरा थर दिलेली असते, तिचा थर पुढेमागे उडतो. मी पूर्ण पांढरी, एकसंध, कधी न तडकणारी ठरवली. तुम्ही मला विचारत होतात असं नाही. मीच सांगत होते.

दाढेपुरतं बोलायचं तर मी बरोबर होते. आजही कोणाही दातांच्या डॉक्टरला विचारा, एवढी फुटलेली पण मुळाशी घट्ट असलेली दाढ वाचवावी आणि कॅप घालावी असंच तो सांगेल. पण मला ती कॅप हवी होती, ती त्यासाठी नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट तुमच्यापेक्षा मला जास्त कळत होती, आणि ती तुमच्या तोंडात होती. घरातलं मीठ तुमचं, कॅप माझी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नीट पाहिलं होतं. फुटलेल्या दाढेसमोर, गालाच्या आत, ज्वारीच्या दाण्याएवढी जखम होती. ते म्हणाले, धारेने घासून झालेली दिसते. त्यांनी लगेच धार गुळगुळीत केली. "पंधरा दिवसांत भरली पाहिजे. नाही भरली तर तुकडा काढून तपासायला पाठवू. मंगलाताई, तुमच्या घरातच आहेत, तुम्ही बघा." आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर हेच वाक्य मोठ्या अक्षरात लावलेलं आहे. धूळ बसली की मीच ते पुसते.

पंधराव्या दिवशी मी विचारलं. संध्याकाळची वेळ होती, मी तव्यावर भाकरी उलटत होते.

"गाल भरला का?"

"भरला."

"दुखत नाही?"

"नाई म्हणतलं न वं."

मी मान वळवली नाही. मागे वळून, तुमची हनुवटी धरून, खिडकीच्या उजेडात पाहायला एक मिनिट लागलं असतं. भाकरी करपली असती, एवढंच. तुम्ही खोटं बोललात, बाई. जखम भरली नाही म्हणाला असतात तर खर्र्याची गोष्ट निघाली असती, आणि तुम्हाला तो सोडायचा नव्हता. मलाही जखम भरलेलीच हवी होती, कारण कॅपचं माप द्यायचा दिवस ठरला होता. डॉक्टरांना मी भरली म्हणून सांगून टाकलं. आपल्या दोघींच्या सोयी सव्वीस वर्षांत त्या एका संध्याकाळी जुळल्या.

मार्चअखेरीस तुम्ही खुर्चीत बसलात. नस आधीच काढून झाली होती. आता दाढ चारी बाजूंनी घासून बारीक करायची होती, म्हणजे वर कॅप बसते. तुमचं तोंड दोन बोटंही नीट उघडत नव्हतं. गाल इतका ताठ, की आरसा आत घालून मला नेहमीपेक्षा जोरात ओढावा लागला. मशीन सुरू झालं आणि तुम्ही डावा हात वर केलात. दुखलं तर हात वर करा, असं आम्हीच सांगतो.

डॉक्टर थांबले. "दुखतंय का?"

तुमच्या तोंडात माझी नळी होती, माझा आरसा होता. उत्तर मीच दिलं. "नस काढलेली आहे, सर. दुखणार काय? त्यांना सवय नाही." मग तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, "नखरे करू नका, बाई."

तुम्ही पुन्हा हात वर केलात. मी नळी तुमच्या तोंडाच्या कोपऱ्याला अडकवली आणि मोकळ्या हाताने तुमचा हात खाली दाबला. दुसरा हात हलू दिला नाही. तुमच्या डोळ्यातून पाणी निघून कानात गेलं. नळीतली लाळ गुलाबी आली. हिरडी सोलली असेल, असं मला वाटलं.

मेलेली दाढ दुखत नाही. हे मी चौदा वर्षं रोज कोणाला तरी सांगते. मग त्या दिवशी दुखत काय होतं? पुढचा प्रश्न इतका सोपा आहे, बाई, की खुर्ची पुसणाऱ्या पोरीलाही सुचावा. मला सुचला नाही. जखम माझ्या आरशाच्या पाठीखाली होती. डॉक्टरांना ती दिसणं शक्य नव्हतं, कारण मी ती झाकून धरली होती. पाऊण तास. आणि माझा हात हलत नाही.

मी या घरात आले त्या पहिल्या उन्हाळ्यात माझी अक्कलदाढ सुजली होती. नवी नवरी, तोंडाने बोलायची सोय नाही. तुम्ही मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून दुपारभर माझा गाल शेकत बसला होतात. "रडू नको वं, लग्नात इतली रडली नाई तू." पुरचुंडी थंड झाली की उठायचं, गरम करून आणायची, पुन्हा गालाला लावायची. लावण्याआधी प्रत्येक वेळी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहायचात, जास्त गरम तर नाही. हे मी मार्चमध्ये विसरले होते. तुमचं तोंड शेवटी मिटलं तेव्हा आठवलं. आठवणींना वेळेचं भान नसतं.

कॅप बसवली, तुमच्या हातात आरसा दिला. तुम्ही पाहिलंत न पाहिलंत आणि तोंड मिटलंत. चांगली आहे म्हणाला नाहीत. माझ्यासमोर कधीच म्हणाला नाहीत. परवा पिठाच्या गिरणीवरची बाई बसायला आली, तिने सांगितलं, तुम्ही दळण ठेवून तिला तोंड उघडून दाखवलं होतंत. "माह्या जावेनं बसवून देल्ली. पांढरी हाय, आपल्या दातासारखीच." तोंड किती उघडलं होतं, मी विचारलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं मी रडेन.

ऑगस्टमध्ये गालावर बाहेरून गाठ दिसली. तुम्ही पदर त्या बाजूला ओढून घेत होतात, ते मला उन्हाचं वाटलं होतं. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी गाल सावकाश बाहेर ओढला, आत उजेड टाकला आणि विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "आत्ताच झालं. राखीच्या मांगंपुढं."

राखीला तेव्हा आठच दिवस झाले होते. तुम्ही मला वाचवत होतात की स्वतःला, हे मला आजही सांगता येत नाही. तोवर तुम्ही मला कशातूनच वाचवलं नव्हतं, निदान मी तसं धरून चालले होते, म्हणून तुम्ही स्वतःलाच वाचवता आहात असं मी ठरवून टाकलं. फेब्रुवारीपासून आहे, हे मी तिथे म्हणायला हवं होतं. मी फाइल नीट धरून उभी राहिले.

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रेडिएशनचा शेक द्यायचा ठरला. शेकाआधी त्या बाजूच्या दाढा काढाव्या लागतात, नाहीतर पुढे जबड्याच्या हाडाला त्रास होतो. दीड बोटाच्या फटीतून अर्धा तास झटून त्यांनी ती दाढ काढली, कॅपसकट. तुम्ही म्हणत होतात तेच शेवटी झालं. फेब्रुवारीत काढली असती तर त्या जागेबरोबर गालही भरला का हे पाहायला डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा बोलावलं असतं. आरसा धरायला मी मध्ये आले नसते. हा वाद तुम्ही जिंकलात. लिहून देते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दाढ माझ्यापुढे धरलीत. बोलताना लाळ गळत होती, तरी टोमणा नीट आला. "घे, गालधरी. नवीनच हाय. दुसऱ्या कोनाले बसवजो." मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच. ती तुम्ही हळदीच्या डबीत ठेवलीत, कापसात गुंडाळून. खर्रा नुसता पन्नीत होता.

आणखी एकच सांगायचं आहे, आणि ते मला सगळ्यात जड जातं. ऑक्टोबरची गोष्ट. मी नळीतून तुम्हाला पेज देत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही दातांच्या फटीतून, एकेक अक्षर काढत म्हणालात, "मंगले. त्या दिवशी हात उचलला होता मी."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं नाही. म्हटलं, "खर्रा खाताना उचलायचा होता."

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी नळी धुतली. त्यानंतर सात आठवडे तुम्ही जगलात आणि आपण पाणी, औषध, कूस याखेरीज एक शब्द बोललो नाही. मी वेळेवर पेज दिली, वेळेवर कूस बदलली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. लोक म्हणतात मंगलानं लई केलं. केलंच. माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं.

शेवटच्या दिवशी सगळे जमले. तुळशीचं पान घालायला तुमच्या तोंडात फट मिळेना. भाऊजी पान हातात घेऊन म्हणत राहिले, "उघड न, कुसुम. थोडंसं उघड." तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण लोकांची तोंडं उघडणं हा माझा धंदा. मी पुढे झाले, ओठ बाजूला केला आणि पान दातांच्या आणि गालाच्या मधे सरकवलं. डाव्या गालात. उजव्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

तर आता वैशाली. परवा ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "काकू, तू दवाखान्यातली होती म्हणून, नाई तर आईले कोनी पाह्यलंच नसतं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हातही हलला नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सांगून काय भेटते? पोरीची आई गेली, आता काकूही घालवते का? बरोबर आहे. पण मी तुमचं कधी ऐकलं नाही, आता कशाला ऐकू? तिच्या आईला मी आठ दिवस गावभर खर्रा खाऊन मेलेली बाई करून ठेवलं आहे. आणि परवा कोणी फुटकी दाढ घेऊन आमच्या खुर्चीत बसेल, कॅप घालू की सिमेंट भरू विचारेल, आणि मी आरशाची पाठ त्याच्या गालाला लावीन.

वाटीतलं पाणी बदलते आणि थांबते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी वैशाली अंगणात बाजेवर बसून तेरवीचे तांदूळ निवडत होती. मी वाटी तिच्यासमोर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, जसं झालं तसं. ज्वारीच्या दाण्याएवढी जखम, पंधरा दिवस, तव्यावरची भाकरी, आरसा. ऑक्टोबरमधलं माझं वाक्यही सांगितलं.

तिचा हात सुपातच होता. "तिनं हात उचलला होता?"

"दोनदा."

"अन् तू?"

"दाबून धरला."

"अन् आठ दिस सगळ्यायले खर्रा खर्रा सांगून राह्यली."

"हो."

तिने एक खडा काढून फेकला. मग दुसरा. "बाबाले तूच सांगजो. मी नाई सांगत." मला वाटलं, झालं. मी वळले तेव्हा ती म्हणाली, "कुठं चालली? आन तुहा आरसा. माह्या तोंडात पाय."

त्या आवाजात माया नव्हती, बाई. तुमचाच आवाज होता.

मी पिशवीतला आरसा काढून साबणाने धुतला. तिला उन्हाकडे तोंड करून बसवलं. तीन बोटं घालायला लावली, गेली. डावा गाल पाहिला, जीभ उचलून खालची जागा पाहिली, टाळू पाहिला, मग उजवा गाल. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती. काही नव्हतं. मी आरसा काढला, गाल बोटाने धरला, आणि आरसा जिथे टेकला होता ती जागाही पाहिली.